एका लॉटच्या टोप्या

माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याचं लायसन बघतो, मग तोंड. वडिलांपासूनची सवय आहे. ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायच्या आणि शेताच्या राखणीसाठी ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना दारू, गोळ्या आणि टोप्या विकायच्या, हा आमचा नंदुरबारमधला धंदा. टोपी म्हणजे तांब्याची नखाएवढी वाटी. बंदुकीचा घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते आणि नळीतली दारू पेटते. सगळी बंदूक या एवढ्याशा वस्तूवर अवलंबून असते, आणि लोक घासाघीस करतात ती नेमकी तिच्यावरच.

रेवाबाई आली तेव्हा तिच्याकडे लायसन नव्हतं. पदराच्या गाठीत बांधलेला टोप्यांचा डबा होता. तो तिनं काउंटरवर ठेवला आणि मी भडकलोच.

"बाई, हे असं जीपमधून घेऊन फिरतात का? लायसन नसलं म्हणजे टोप्या पोलिसांत जमा करायच्या असतात!"

"शेठ, तू आधी उडवून बघ," ती म्हणाली. डोंगरातली माणसं कलेक्टरलाही तू म्हणतात, मला त्याचा राग येत नाही. "माझा देर, माझ्या माणसाचा धाकटा भाऊ, म्हणतो, टोपी वाजली पण बार नाही झाला. म्हणून त्यानं बंदूक खाली केली. तेव्हा बार झाला. माझा माणूस नाल्यातून वर येत होता, त्याला लागलं. तू बघून सांग. टोपी असा उशीर करते का?"

तेव्हा मी ओळखलं. धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर उदेसिंग आणि फुलसिंग हे दोघे भाऊ एकाच घरात राहत. तीन वर्षांपूर्वी मक्यात डुकरं शिरली, धाकट्या उदेसिंगनं बंदूक चालवली आणि थोरला फुलसिंग जागच्या जागी गेला. ही फुलसिंगची बायको. कोर्टात हयगय ठरली, उदेसिंग शिक्षा भोगून परत आला. पण पाड्यावर वेगळंच बोललं जात होतं. जमिनीसाठी भाऊ मारला म्हणत. बंदूक कधी उशिरा उडते होय?

हे शेवटचं वाक्य मूळचं माझं होतं. पोलीस जबाब घ्यायला दुकानात आले होते. या टोप्या उशिरा पेटू शकतात का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साठ वर्षांचं दुकान आमचं! उचलली जीभ लावली टाळ्याला. आमच्या मालात असलं होत नाही, लिहून घ्या, म्हणालो. पाड्यावरच्या टोप्या मागवून बघितल्या नाहीत, एकही उडवली नाही, सरळ सही ठोकली.

"उदेसिंग आता कुठं असतो?" मी विचारलं.

"शेतातल्या राखणीच्या माळ्यावर. घरात मी घेत नाही. लेकरं काका काका करतात, मी जाऊ देत नाही." ती डब्याकडे बघत बोलत होती. "परवा पंच बसतील. ते म्हणतात, रेवा, तू बोलशील तसं. घरात घ्यायचं, का गाव सोडायला लावायचं. मी काय बोलू? मला माहीतच नाही काय झालं ते."

दुकानाला लागून दुरुस्तीचा कारखाना आहे, त्याच्यामागे आमचा मातीचा बांध आहे, दुरुस्त केलेली बंदूक तिथं चालवून बघायची. तिला घेऊन तिथं गेलो. वडिलांचा नियम असा, की टोप्यांचा नवा लॉट आला की दहा टोप्या कागदावर उडवायच्या आणि त्याच लॉटचा एक डबा तारीख घालून कपाटात ठेवून द्यायचा. टोपी आवाजावरून ओळखता येत नाही, कागदावरून येते. ती पेटायला डोळ्याला दिसणार नाही इतका जरी उशीर झाला, तरी तेवढ्यात हात हलतो आणि गोळी भरकटते.

फुलसिंग गेला त्या वर्षीच्या लॉटचा डबा कपाटात होता. उदेसिंगच्या बंदुकीसारखीच एक बंदूक घेतली, वाळूच्या पिशवीवर टेकवली, आणि दारू, गोळी सगळं सारखं ठेवून फक्त टोपी बदलत गेलो. आधी कपाटातल्या दहा. दहाही भोकं तळहाताखाली झाकली गेली. मग तुलनेला दुसऱ्या कंपनीच्या दहा. भोकं थोडी पसरली, पण उशीर एकीलाही नाही. रेवाबाई बाजूला उभी होती. एवढ्या आवाजांना ती एकदाही दचकली नाही.

मग तिच्या डब्यातल्या लावल्या. पहिल्या तीन ठीक गेल्या. चौथी गोळी कागदाच्या कडेला लागली. सहावीला घोडा पडला, टोपी टक् वाजली आणि बार झालाच नाही. अशा वेळी नळी समोरच धरून ठेवायची, खाली करायची नाही. मी तशीच धरली. मनात एक म्हणून दोन म्हणणार, तोच धाडकन बार झाला.

रेवाबाई खाली मातीत बसली.

"असंच," ती म्हणाली. "तो असंच सांगतो. मी नाही मानलं."

मी डबा संपेपर्यंत थांबलो नाही. बावीस टोप्या निघाल्या. चार उशिरा पेटल्या, दोन पेटल्याच नाहीत, आणि कागदावरची भोकं सुपातून सांडलेल्या दाण्यांसारखी कुठल्या कुठं गेली होती. मला तिच्याकडे बघायची लाज वाटत होती. उदेसिंग पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता, आणि त्याला खोटा पाडला होता मी.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. लॉट एकच होता. माझ्या कपाटातल्या टोप्या सरळ पेटल्या आणि हिच्या नाहीत, म्हणजे खोट मालात नव्हती. वाया गेलेली एक टोपी भिंगाखाली धरली. आतून हिरवट झाली होती, काठाला पांढरे कण चिकटले होते. जिभेला लावायची ती वस्तू नव्हे, पण मी लावली. खारट होती.

"बाई, हा डबा घरात कुठं असायचा?"

"मिठाच्या गाडग्यात," ती चटकन म्हणाली. "लेकरं लहान ना, सगळीकडं हात घालतात. एका मिठात तेवढा नाही घालत. मीच ठेवायची, देरानं मागितलं की मीच काढून द्यायची."

पावसाळ्यात मीठ पाणी सोडतं. ती ओल डब्यात उतरते आणि टोपी खाते. टोपी विकताना हे मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा बजावतो. तेव्हा बजावत नव्हतो. या बाईनं लेकरं वाचावीत म्हणून घरातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधली होती. तिनं काहीही चुकीचं केलं नव्हतं, आणि तरी तिचा नवरा त्यामुळेच गेला होता.

माझ्या तोंडावर तिला काहीतरी दिसलं असणार. ती उठून उभी राहिली.

"मिठानं काही होतं का, शेठ?"

मालाविषयी मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही. चांगला तर चांगला, वाईट तर वाईट. त्यापायी गिऱ्हाइकं गेली, तरी बोललो नव्हतो.

"मिठानं काय होणार?" मी म्हणालो. "डब्याला झाकण आहे ना! लॉटच खराब होता. चूक माझ्या दुकानाची."

ती एक पाऊल पुढे आली.

"मग पोलिसाला तू लिहून दिलं ते?"

"खोटं होतं."

"तेव्हा तू उडवून नाही बघितलं?"

"नाही बघितलं."

"माझ्या लेकरांच्या काकाला तुरुंगातून आल्यापासून मी कुत्र्यासारखं बाहेर ठेवलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "परवा ये. पंचांसमोर बोल."

रंजना, माझी बायको, कारखान्याच्या दारात उभी राहून ऐकत होती. रेवाबाई गेल्यावर, चांगल्या मालाचा दोष अंगावर का घेतला म्हणून ती आमच्या अहिराणीत माझ्यावर उखडली. "आपला माल चांगला व्हता ना? मंग काबर आंगवर ली ऱ्हायनात? दुकानले कुलूप लावानं शे का?"

"तिना दोन लेकरं शेतस," मी म्हणालो. "आनि तो जबाब मीच देयेल शे."

पंच बसायच्या दिवशी पहाटे रंजनानं भाकरी बांधून दिली.

शहाद्यावरून घाट चढून धडगाव, तिथून दुसरी जीप, मग पायवाट. पाटील बाज्याच्या अंगणात पंच बसले होते. उदेसिंग सगळ्यांपासून लांब, कुडाच्या सावलीत उकिडवा बसला होता. मी उभा राहिलो आणि जे रेवाबाईला सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं. उदेसिंग खरं बोलला. टोप्या खराब होत्या. त्या मी विकल्या. पोलिसांना मी न बघता लिहून दिलं.

कुणी आरडाओरडा केला नाही. म्हाताऱ्या बाज्यानं तेवढं म्हटलं, "शेठ, आम्ही अंगठा लावतो तरी दहा वेळा विचारतो. तू तर शिकलेला." मी मान खाली घातली. या वयात चारचौघांत मान खाली घालायची वेळ आली. टोप्यांचं खोटं असलं, तरी जबाबाची लाज खरी होती.

रेवाबाई उठली. अंगण ओलांडून उदेसिंगजवळ गेली.

"घरात चल," ती म्हणाली.

तो लगेच उठला नाही. गुडघ्यांत डोकं घालून बसला, खांदे हलत होते. ती त्याच्यापाशी उभी राहिली. मग वळून मला म्हणाली, "तू या पाड्यात परत येऊ नको."

मी पिशवी उचलली आणि निघालो. सोबत कुणी येणार नाही हे ठाऊक होतं. पण नाल्यापाशी पोचलो तोच मागून पावलं वाजली. उदेसिंग होता. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि गाडीरस्त्यापर्यंत माझ्यापुढे चालला. लांब वळणावर जीप दिसली तेव्हा तो म्हणाला,

"शेठ, मिठाचं तू बोलला नाही."

मी जागीच थांबलो. "तुला माहीत होतं?"

"टोपी बसवताना बोटाला मीठ लागलं होतं. तेव्हा लक्ष नाही दिलं. तुरुंगात विचार केला, तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीस, शहाण्या? तुझी सुटका झाली असती!"

"माझी झाली असती," उदेसिंग म्हणाला. "भाबीची?"

जीप येऊन थांबली. त्यानं माझी पिशवी आत ठेवली आणि घराच्या वाटेला लागला.