एका आवशीच्या लेकी

बाबूने पाचव्यांदा फवाऱ्याचा पंप पाठीला लावला, तेव्हा गौरजा पॉलीहाऊसच्या दारात आडवी उभी राहिली.

"वायच सरक गो."

"खुशाल मारा. पण राखणदाराच्या झाडाक ह्या औषधाचा ईख लागता नये."

"चार फावटी वगळलंय तेका. थयसूनच मावो परत येता. देवाचो वाटो म्हणान किडींका आसरो दिलंस तू."

"देवाच्या ताटात ईख वाढूचा, ही आमच्या घराची रीत न्हय," असं म्हणून ती सरकली, आणि बाबूनेही ते झाड सोडूनच फवारलं. नवऱ्याचं तोंड चालतं, हात चालत नाही, हे गौरजाला लग्नापासून ठाऊक.

कुणकेश्वराच्या अलीकडे, कातळसड्याखालच्या मळ्यात या दोघांची ढोबळी मिरची. पॉलीहाऊस उभारताना राखणदाराचा दगड नेमका मधे आला. इंजिनिअर म्हणाला, हलवूया. गौरजा म्हणाली, तू हल. शेवटी खांब दोन हात सरकले, दगड आत राहिला आणि त्याच्या पायाशी एक रोप देवाच्या नावाने लागलं.

आणि आता हा मावा. मोहरीच्या दाण्याएवढी हिरवी कीड. सकाळी पानावर एक बसलेली दिसायची. दुपारी तिला लेक, तिन्हीसांजेला नात, रात्री बारशाला पानावर जागा नाही. यात फुगवलेलं असलंच तर अर्ध्या पानाएवढं. फवारलं की दोन दिवस सामसूम. तिसऱ्या दिवशी त्याच जागी त्याच. त्यांच्या पांढऱ्या काती राखेसारख्या सांडलेल्या, पानं हाताला चिकटणारी. ओळींमधून चालताना गौरजाला वाटे, हजार बायका पाठ करून बसल्या आहेत आणि आपण आत आल्याबरोबर बोलायच्या थांबल्या आहेत.

शेजारचा कॉन्स्टान्सियो मामा रविवारी चर्चला जाई आणि सोमवारी राखणदाराला विडी ठेवी. तो कुंपणावरून म्हणाला, "गो गौरजा, ह्यो मावो न्हय. ही आवडाबाय."

"खंयची आवडाबाय?"

"तुमच्याच मळ्याच्या बावीतली. तिका पोर होयना म्हणान घोवान दुसरी हाडली. बावीत उडी घेवच्या आधी म्हणाली, माका घोव नको, झील नको. माझ्या पोटातसून मीच येतलंय. येतच ऱ्हवतलंय."

"शिरा पडो तुमच्या तोंडार, मामा."

ती हसली खरी. पण त्या दिवसापासून बावीवरचा पंप सुरू करताना तिने आत वाकून बघणं सोडलं.

ओरोसहून कृषी खात्याच्या आकांक्षा मॅडम एस.टी.ने आल्या. ओळींमधला थोडा मावा शिशीत घालून तपासायला घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी कागद घेऊन परत आल्या. बाबू पंपाची दांडी धरून ऐकत होता, मामा कुंपणाला रेलून.

"हा सगळा मावा मादी आहे," मॅडम म्हणाल्या. "हिला नर लागत नाही. पोटातून थेट जिवंत लेक, आणि त्या लेकीच्या पोटात आधीच नात. सुरुवातीला इथे चार-पाच घराणी असतील. तुमच्या औषधाने ती मेली, एक कुणीतरी तगली. आता आहेत त्या सगळ्या तिच्याच. लेकी म्हणायच्या, पण तिच्याहून वेगळ्या नाहीत. तीच ती."

मामाने छातीवर क्रुसाची खूण केली. बाबूच्या हातून दांडी सुटली. भूत आहे असं गावात कुणीही सांगतं. शिक्का मारलेल्या कागदावर आलेलं हे पहिलंच.

"सगळी झाडां उपटून जाळूया," बाबू म्हणाला. "सुरवात देवाच्या झाडापासून." आणि कोयता घेऊन तो आत गेला.

गौरजा दगडावर हात ठेवून बसली. यंदाचा अख्खा मळा त्या कोयत्याखाली होता. "तोडा. पण आधी गाऱ्हाणा घाला. कित्याक तोडतास, ता तेका सांगा."

बाबूने कोयता खाली टेकवला आणि हात जोडले.

तेवढ्यात मागोमाग आत आलेल्या मॅडम भिंग काढून त्या झाडाशी वाकल्या. तिथे मावा होता. हिरवा, तांबूस, काळपट, सरमिसळ. मधूनमधून तपकिरी फुगलेले फोड, प्रत्येकाच्या पाठीत गोल भोक.

"ही मढी आहेत," मॅडम हळू म्हणाल्या. "सुईच्या टोकाएवढी एक गांधीलमाशी असते. ती माव्याच्या पोटात अंडं घालते. पिल्लू आतून पोखरतं आणि पाठीला दार पाडून बाहेर येतं. फवाऱ्याने ती सगळीकडे मेली, फक्त या झाडावर वाचली. आणि इथली घराणी वेगवेगळी, म्हणून कुणी पळतं, कुणी लाथ झाडतं. तिकडच्या सगळ्या एकसारख्या. विष पचवणारीला कधीकधी भीतीच उरत नाही. शेजारीण मेली तरी जागची हलत नाही. माशीला एक सापडली की सगळ्या सापडल्या. पण आता एक थेंब फवारायचा नाही. आणि मावा अगदी संपवायचाही नाही, नाहीतर माशी उपाशी मरेल."

बाबूने कोयता दारामागे ठेवला, गौरजाने पंप मामाच्या पडवीत. दोघं हात बांधून बसली. खाऱ्या वाऱ्याने प्लास्टिक फडफडे, पानं पिवळी पडत. दहाव्या दिवशी बाबू म्हणाला, "तुझ्या देवाक घाई नाय."

बाराव्या दिवशी दुसऱ्या ओळीत पहिला तपकिरी फोड दिसला. पंचविसाव्या दिवशी पानोपानी मढी, प्रत्येकाच्या पाठीतलं दार उघडं. लोक निघून गेलेला गावच जणू. शेंड्यांना मात्र नवी फुलं आली होती.

शेवटच्या झाडावर गौरजाला एक जिवंत सापडली. चिरडायला तिने बोट उचललं. ती हलली नाही. गौरजाने ते पान अलगद खुडलं, दगडाशी नेलं आणि देवाच्या झाडावर टेकवलं. भुताला कुठेतरी जागा द्यावी लागते. नुसतं हाकललं तर ते दारातच बसतं.

"बा म्हाराजा, ही जी कोण आवडाबाय आसा, तिका तुझ्या वाट्यात जागो दिलंय. हयसरच खांवदे, हयसरच ऱ्हवांदे. भायर इली, तर तू आणि तुझी माशी बघून घेवा."

"व्हय म्हाराजा," बाबू म्हणाला, आणि मग हळूच, "एकच मां गो?"

"एकच."

बाबू पानाशी वाकला. तिच्या पोटाखालून केसासारखे बारीक पाय बाहेर येत होते.

"परत मोज," तो म्हणाला.