फियाटचे पांढरे दिवे

माझी बायको हेमलता गुरुवारपासून आमच्या फियाटच्या उजेडात राहते. दिवे लावले की ती गाडीसमोर असते. विझवले की नसते, गाडीसमोरही नाही आणि घरातही नाही.

दिवे बदलायचा हट्ट तिचाच. गाडी जुनी, दिवे पिवळट. "ह्यांच्या गाडीचे दिवे लागलेत का ते खाली उतरून बघावं लागतं," असं ती चारचौघांत सांगायची. माझ्या गाडीला नावं ठेवलेली मला खपत नाहीत, तरी शेवटी शौकतकडे गेलो. शौकत कराडात गाड्यांची वायरिंग करतो. त्याने नव्या गाड्यांना असतात तसले पांढरेशुभ्र एलईडी दिवे बसवले आणि गाडी भिंतीसमोर उभी करून दाखवली. लांबचा दिवा लावला की सगळी भिंत उजळायची. डिपर दिला की भिंतीवर आडवी रेघ पडायची, रेघेच्या खाली लख्ख उजेड आणि वर अंधार.

"समोरच्याच्या डोळ्यात जायचा न्हाई बघा," शौकत म्हणाला. "रेघेच्या वर कायसुदिक न्हाई."

मला ते पसंत पडलं. समोरून गाडी आली की मी न चुकता डिपर देतो. रस्त्यावर तेवढी माणुसकी पाळावी, असं माझं मत आहे.

आमच्याकडे ओवाळल्याशिवाय नवी वस्तू वापरत नाहीत. मिक्सरला ओवाळलंय, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीलाही ओवाळलंय. दिवेलागणीला हेमा तबक घेऊन गाडीसमोर आली. बॉनेटला कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि म्हणाली, "अहो, दिवे लावा की. डोळे मिटून कोणी ओवाळून घेतं का?"

मी आत बसून लांबचा दिवा लावला. तिने ओवाळलं. मी दिवा बंद केला आणि अंगणात कोणी नव्हतं.

पुन्हा लावला. ती तबक घेऊन तिथेच उभी होती. "मधेच का बंद केलात?" तिने विचारलं.

मी घाबरलो, पण तिला तसं दाखवलं नाही. गाडी वळवून उजेड स्वयंपाकघरात टाकला. ती उजेडाच्या पट्ट्यातून आत गेली, चहा केला आणि कप घेऊन माझ्याकडे यायला निघाली. उजेड संपतो तिथे आधी कप गेला, मग बोटं, मग मनगट. तिने हात मागे ओढला. हात आला, कप आला नाही.

"राहू दे चहा," मी म्हणालो.

थोड्या वेळाने उजेड मंदावायला लागला. इंजिन चालू होतं, तरीही. उजेडाबरोबर हेमाही फिकी होत गेली. तिच्या साडीतून मागची फळी आणि फळीवरचे डबे दिसायला लागले.

"विझवा," ती म्हणाली. "बॅटरी उतरतीय. सकाळी लावा."

"आणि लागले नाहीत तर?"

मी दिवे विझवले आणि सकाळपर्यंत गाडीतच बसून राहिलो. घरात जायचा मला धीर झाला नाही. उजाडल्यावर दिवे लावले तेव्हा ती म्हणाली, "लगेच लावलेत?"

मी गाडी शौकतकडे काढली. हेमा गाडीपुढे उलटी चालत होती, माझ्याकडे तोंड करून. मी वेग वाढवला तरी आमच्यातलं अंतर तेवढंच राहत होतं. बाजारातली माणसं तिला वळसा घालून जात होती, पण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

"वहिनींना बाहेर काढ," मी शौकतला म्हणालो.

त्याने बॉनेट उघडून आत बघितलं. "साहेब, जुन्या गाडीचा डायनामो हाय. हुबी राहिली की बॅटरी भरत न्हाई. गाडी पळती ठेवा."

"दिवेच काढून टाकले तर?"

शौकतने हेमाकडे बघितलं. तिने मानेनेच नको म्हटलं.

"मग मी हात लावत न्हाई," तो म्हणाला आणि त्याने बॉनेट हळूच टेकवलं.

तेव्हापासून गाडी पळती ठेवली. पाटणपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. पंपावर पेट्रोल भरताना इंजिन बंद करायला लावतात, म्हणून पंप आला की मी पुढे जात होतो. काटा खाली खाली येत होता. त्याच्याकडे बघायचंसुद्धा मला भय वाटायला लागलं.

दुपारी समोरून ट्रक आला आणि त्याने दिवे मारले. माझा हात आपोआप डिपरवर गेला. कमरेपर्यंत नुसती साडी चालत होती. वर हेमा नव्हतीच, तिथे समोरचा ट्रक होता, झाडं होती. मी घाईने लांबचा दिवा लावला. हेमा पुरती आली, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय केलंत?"

"सवयीने झालं गं."

"ओरडायचं होतं मला. तोंडच नव्हतं," ती म्हणाली.

त्यानंतर मी कोणालाही डिपर दिला नाही. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून शिव्या देत होते. मी मुकाट्याने ऐकून घेत होतो.

संध्याकाळी पाटणच्या अलीकडे ती म्हणाली, "माझे पाय गेले हो. जरा थांबा ना."

मी थांबलो. ती मैलाच्या दगडावर टेकली आणि थोड्याच वेळात तिच्यातून दगडावरचे आकडे दिसायला लागले. मला एकट्याने आत बसवेना. इंजिन चालू ठेवून मी उतरलो, उजेडात शिरलो आणि तिचा दंड धरला. दंड उबदार होता.

"आलात?" ती म्हणाली.

"तू गेलीस तर मी काय करू?"

तेवढ्यात गाडीने रेस घेतली. उजेड एकदम वाढला, हेमा ठसठशीत झाली आणि मला हायसं वाटलं. मग गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. झगझगाटामागे काही दिसत नव्हतं. गिअर पडला आणि आम्ही दोघं उलटे चालायला लागलो. मी पाय रोवून बघितले, ते ऐकेनात. हेमाने माझा हात घट्ट धरला.

पाठीमागून हॉर्न वाजला. ट्रकचे दिवे आमच्या अंगावरून पुढे जाऊन फियाटच्या काचेवर पडले. काचेआड स्टिअरिंगवर मीच बसलो होतो. नजर ट्रककडे होती आणि हात डिपरकडे निघाला होता.