मागची टाकी भरलेली असताना

मित्रांनो, हल्ली माझा मुक्काम एका खोक्यात असतो, तुटक्या वायरींच्या गुंत्याखाली. मी एक जुनी जॉयस्टिक आहे. संगणकावर लढाऊ विमानांचे खेळ असतात ना, त्यांत विमान चालवायची दांडी म्हणजे मी. माझ्या मुठीवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या एका कामगार बाईनं माझ्या पोटात स्प्रिंग बसवली आणि मला चारही बाजूंना वाकवून सोडून पाहिलं. दर वेळी मी नेमकी मध्यावर येऊन थांबले. "शहाणी आहेस," असं म्हणून तिनं मला डब्यात घातलं. तेवढ्या कौतुकावर मी पुष्कळ वर्षं काढली.

मग मी आले टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. तिथे सहा माणसं मिळून विमानांचा खेळ बनवत. कुणी आकाश रंगवी, कुणी बंदुकांचे आवाज जुळवी. विमान हातात कसं वागावं हे ठरवायचं काम एका बाईंकडे होतं. त्यांना सगळे तोलताई म्हणत. त्या स्वतः कधी विमानात बसल्या नव्हत्या, पण विमानांची जुनी कोष्टकं वाचून वाचून डोळ्यांना चष्मा लागला होता. त्यांनी दिवसातून शंभरदा मला ओढलं, ढकललं, आणि विमानाचं वागणं ठरवणारे संगणकातले आकडे पुन्हा बदलले.

दर मंगळवारी कप्तानकाका येत. ते निवृत्त लढाऊ वैमानिक होते. गुडघे धरून जिना चढत, बरोबर आणलेली उशी खुर्चीत ठेवत आणि मला मुठीत घेत. काय सांगू मित्रांनो, तसा हात मला पुन्हा मिळाला नाही. ते मला आवळून धरत नसत. नुसती बोटं टेकवत.

एका मंगळवारी तोलताईंनी एक जुनं विमान त्यांच्यासमोर ठेवलं. काकांनी तरुणपणी तेच उडवलं होतं. त्या विमानाला पाठीमागे एक जादा टाकी होती. ती भरलेली असली की शेपूट जड व्हायचं. वळताना दांडी जराशी ओढली तरी नाक आपणहून आणखी वर चढायचं, मग एक पंख खाली पडायचा आणि विमान भिरभिरत जमिनीकडे निघायचं.

काका वळले. पंख पडला. त्यांनी मला पुढे ढकललं, पायाखालच्या पेडलवर उलटा दाब दिला, जे जे करायचं ते सगळं केलं. विमान जमिनीवर आदळलं. काकांचा तळवा ओला झाला होता.

"हेच," ते हळूच म्हणाले. "असंच पडायचं ते."

तोलताई घाबरल्या. "काका, चुकलं का काही?"

"काही चुकलं नाही, पोरी. माझा जोडीदार यातच गेला. बुटका म्हणायचो आम्ही त्याला. मी शेजारच्या विमानातून बघत होतो. त्यानं सगळं बरोबर केलं होतं. चौकशीच्या कागदावर मात्र एकच ओळ आली, वैमानिकाची चूक. त्याची लेक चार वर्षांची होती तेव्हा." मग त्यांनी विचारलं, "तिला इथे आणू का कधी? एकदा डोळ्यांनी बघू दे."

"आणा ना, काका. जरूर आणा."

त्या दिवशी तोलताई कितीतरी वेळ माझ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. त्यांच्या कामाला पहिल्यांदाच कुणी खरं म्हटलं होतं.

खेळ बाजारात आला आणि तक्रारींचा पाऊस पडला. 'हे विमान आहे की भोवरा?' 'दारू पिऊन बनवलंय का?' मालकांनी तोलताईंना बोलावलं.

"ताई, लोक दिवसभर राबून घरी येतात. त्यांना पडायचं नसतं, जिंकायचं असतं."

"पण ते विमान तसंच होतं हो."

"असेल. आपणच बंद पडलो तर त्याला उडवणार कोण?"

तोलताईंनी एक आकडा बदलला. एकच. विमान गरीब गाय झालं. हे काकांना कळवायला हवं होतं. "सांगते, सांगते," असं त्या स्वतःशी म्हणत राहिल्या आणि फोन काही उचलला नाही.

पुढच्या मंगळवारी काका आले ते बुटक्याच्या लेकीला घेऊनच. चाळिशीची बाई, कामावरून अर्धी रजा काढून आलेली. पर्स मांडीवर घट्ट धरून ती बसली. तोलताईंनी तोंड उघडेपर्यंत काकांनी विमान आकाशात नेलंही होतं.

"आता बघ हं. मागची टाकी भरलेली आहे. मी वळतो."

ते वळले. पंख जरासा डुगडुगला. काकांनी मला पुढे केलं आणि विमान शहाण्यासारखं सरळ झालं. त्यांनी पुन्हा ओढलं, जोरात ओढलं. विमान पुन्हा सरळ. मी काय करणार, मित्रांनो? मी फक्त हाताचं म्हणणं पुढे पोचवते.

लेक पडद्याकडे पाहत म्हणाली, "इतकं सोपं होतं?"

तोलताईंचा चेहरा उतरला. "थांबा, थांबा. मी तो आकडा बदललाय. जुना लावते, मग बघा." त्यांनी घाईघाईनं जुना आकडा घातला. काका वळले आणि विमान दगडासारखं खाली गेलं.

लेक म्हणाली, "म्हणजे हा आकडा ठेवला की बाबा निर्दोष, आणि तो ठेवला की दोषी."

"अगं, मी स्वतः पाहिलंय..." काका म्हणाले.

"काका, तुमच्या शब्दावर आईनं सगळा जन्म काढला. मी आज शब्द ऐकायला आले नव्हते." ती रागावली नव्हती. तिनं काकांच्या खांद्यावर हात ठेवला, पर्स उचलली आणि जिना उतरून गेली.

काकांची बोटं माझ्यावर तशीच होती. त्या बोटांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं, की पडताना हात चुकला नव्हता. पण आमची साक्ष कोण घेणार?

काका पुन्हा आले नाहीत. उशी खुर्चीतच राहिली, कुणीतरी ती पायाखाली घेऊ लागलं. दोन महिन्यांनी तोलताईंनीही काम सोडलं. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग मला म्हातारपण आलं. स्प्रिंग सैलावली, आत धूळ बसली आणि मी मध्यावर थांबेनाशी झाले. कुणी हात लावला नाही तरी मी जराशी डावीकडे झुकायचे. त्याच सुमारास खेळातली विमानं तपासायला एक नवी मुलगी कामावर लागली. तिचं प्रत्येक विमान डावीकडे ओढलं जाई. तिनं तशी नोंद केली की मालक म्हणत, "विमान ठीक आहे, तुझाच हात वाकडा आहे." ती बिचारी "सॉरी सर" म्हणे आणि मला उजवीकडे दाबून धरून मनगट दुखवून घेई. मला ओरडून सांगावंसं वाटे, 'अगं, मला उघडून बघ!' महिना भरायच्या आत तिला घरी पाठवलं.

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी मला हातात घेतलं आणि म्हणालं, "अरे, ही तर बिघडलीये!" सगळे हसले. मला या खोक्यात टाकलं. तिला कुणी कळवलं नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, वेळच्या वेळी त्यांची धूळ काढा, हे तर मी सांगेनच. पण कुणाच्या हातातून काही निसटलं, तर हाताला बोल लावण्याआधी हातातली वस्तू एकदा तपासा. बुटक्यासाठी आता उशीर झाला आहे. काकांसाठीही झाला असेल. त्या मुलीला मात्र कुणीतरी फोन करा. तिचा हात चांगला होता.