दुसऱ्या फेरीचं रडू

खजुरीच्या मल्लेश्वरीला आळंदच्या मुलाखतीच्या क्लासात चैत्रा मॅडमनी सगळं शिकवलं होतं. खुर्चीत किती टेकायचं, हसताना दात किती दाखवायचे. आणि आईच्या दुखण्यात घरी गेलेली तीन वर्षं कुणी विचारलीच, तर "स्वतःला घडवत होते" म्हणायचं.

कलबुर्गीच्या एका खासगी दवाखान्यात रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलायला माणूस हवं होतं. मुलाखतीत साहेबांनी नेमकी तीच वर्षं विचारली. हिनं स्वतःला घडवलं. साहेबांनी पेन खाली ठेवला.

"हे पाठ केलेलं झालं. खरं सांगा."

पोरीचं अवसानच गळालं. इंग्रजी गेलं, कन्नड गेलं, घरची मराठी तेवढी तोंडात उरली.

"आई गेली सायेब. माती द्यायच्या वेळी गळ्यातलं इष्टलिंग तिच्या तळहातावर ठेवलं, आमच्या लिंगायतात ठेवतेत. पर बोटं मिटंनात. मीच मूठ धरून बसले."

आणि ती हमसाहमशी रडली. गेली नोकरी, असं म्हणतच बसमध्ये चढली. संध्याकाळी फोन आला, शेवटच्या फेरीला या, मोठे डॉक्टर असतील.

सगळं ऐकून चैत्रा मॅडमला आनंद मावेना. "अगं, हेच पायजे त्यांना! पुन्हा हेच सांग. 'बोटं मिटंनात' म्हणलीस की जरा थांब. आन् हमसू नको, नाक लाल व्हतंय. नुसतं डोळ्यात पाणी."

"मॅडम, आई हाय ती माझी."

"म्हणून तर खरं वाटायलंय! का बसतीस घरी आणिक तीन वर्षं?"

घरी तर बसायचं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांपुढं ती बरोबर जागेवर थांबली, पाणीही बरोबर जागेवर आलं. डॉक्टरांनी स्वतः उठून तिला ग्लास दिला. नोकरी लागली.

तिचा बाप तिप्पण्णा तिला शेतातल्या समाधीवर घेऊन गेला. "सांग आईला," म्हणाला.

मल्लेश्वरीनं हात जोडले. "आई, मला नोकरी लागली. आज तू असतीस तर..." आणि ती जरा थांबली.

तिप्पण्णानं मान वर केली.

"असं कामून बोलायलीस गं? आई हाय ती. सायेब न्हाई."

तिनं पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तसंच आलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणत तो खाली मातीत बसला. "सर तिकडं. मीच सांगतो."