भिंतीतली भोकं

भिंतीत भोक दिसलं की गल्लीच्या आत्याला चैन पडत नसे. गिलावा करण्यात तीस वर्षं घालवलेला हात तो, थापी आपसूक पुढे जायची. घोटाळा झाला तोही त्यामुळेच.

गल्लीच्या टोकाचा जुना संगीत-हॉल नऊ वर्षं बंद होता. तो बंद पडला आणि गल्लीच बसली. कलाकारांचे कपडे शिवणाऱ्या शिंपीणकाकूंचं मशीन धूळ खात पडलं, वाद्यं दुरुस्त करणारा बिऱ्हाड हलवून गेला, चहावाला दिवेलागणीलाच दुकान बंद करायला लागला. बायका तिथून एकट्या जायला घाबरायच्या. आता कुठे दुरुस्ती निघाली, तर हॉलच्या समितीचे अध्यक्ष नाक मुरडून बसलेले. "चार वाजता येतो. काम पटलं नाही तर पाडू आणि गाड्या लावायला जागा करू," त्यांनी त्या दिवशी सकाळीच स्वच्छ सांगितलं होतं.

दोन्ही भिंतींत मुठीएवढी भोकं होती. "उंदरांची बिळं. बुजवा," दुरुस्तीवर देखरेख करणारा इंजिनियर म्हणाला. आत्याने दुपारपर्यंत डावी भिंत गुळगुळीत करून टाकली. मग मंचावरून तिने काकूंना हाक मारली. काकू मागच्या रांगेत डावीकडे बसून पडदा शिवत होत्या. ढिम्म! उठून उजवीकडे आल्या आणि आत्याने पुन्हा हाक मारली, तेव्हा म्हणाल्या, "अगं, आता ऐकू आलं. मघाशी नुसती तोंड हलवत होतीस."

आत्या तडक मंचावरून उतरली. तिने उजव्या भिंतीच्या भोकात हात घातला. आत मातीचं मडकं बसवलेलं, तोंड हॉलकडे. कसली बिळं अन् कसलं काय! आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून बांधणाऱ्याने केलेली सोय होती ती, आणि तिनेच बुजवली होती.

तिने छिन्नी उचलली. इंजिनियर धावला. "नोकरी जाईल!"

"जाऊ दे. हॉल गेला तर नोकरी काय चाटायची आहे?"

तेवढ्यात अध्यक्ष आले आणि उजव्या भिंतीकडे बघून म्हणाले, "भिंत आहे की चाळणी?"

"आधी बसा. शेवटच्या रांगेत, डावीकडे," आत्या म्हणाली. त्यांना असं कोणी बोललंच नव्हतं, त्यामुळे ते बसले. आत्याने खुणावलं तशी काकूंनी मंचावर जाऊन कापडात कात्री चालवली. काहीच ऐकू आलं नाही. "आता उजवीकडे." कर्र, कर्र. कानाशीच कापावं तसं.

"डावी कोणी बुजवली?"

"मी. ह्याच हातांनी. आता मीच फोडणार, आणि तुम्ही नको म्हणालात तरी फोडणार."

अध्यक्ष पुन्हा डावीकडे जाऊन बसले. मग काकूंना म्हणाले, "जरा पुन्हा कापा बघू." आणि इंजिनियरकडे न बघता आत्याला, "काम चालू ठेवा."

हातोड्याचे घाव ऐकून चहावाला दारात धावत आला. "पाडायला लागले की काय हो?"

"नाही रे," काकू म्हणाल्या, "उघडायला लागले. तू आज दुकान लवकर बंद करू नकोस."