दहापैकी दोन

बाबांनी वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या टोपलीतून जॅमची बाटली उचलली, उलटी केली आणि खिशातलं भिंग लावून तळाची बारीक अक्षरं वाचली.

"मालक बाहेरचा. ठेवा परत."

"अहो मास्तर, नातवंडांना तोच आवडतो."

"नातवंडांचं काय, दगड साखरेत घोळवून दिला तरी आवडेल."

काकूंनी निमूटपणे बाटली फळीवर ठेवली. गल्ल्यामागे दुकानदाराने कपाळाला हात लावला. भट्टीमास्तर दुकानात शिरले की अर्धा माल नापास होतो, हे त्याचं जुनंच रडगाणं. पण तोंड उघडायची सोय नव्हती. मास्तरांच्या हातात ग्राहक संघाची यादी असे, आणि ती यादी करणारी त्यांचीच लेक होती.

लेक दोन पावलं मागे उभी होती. खांद्यावरची पिशवी तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, मग पुन्हा पहिल्या. पिशवीत चार कागद होते, पण तीन दिवस तिला त्यांनी धड जेवू दिलं नव्हतं.

यादीचा हिशेब सोपा होता. किराण्यातली कुठलीही वस्तू घ्या, तिला दहापैकी गुण. मालक इथला असला तर सहा, कच्चा माल इथला असला तर दोन, वस्तू इथे बनत असली तर एक आणि राबणारी माणसं इथली असली तर एक. तेल, बिस्किटं, साबण, सगळ्यांची झाडाझडती व्हायची. फक्त पिवळ्या डब्यातल्या कॉफीला आजवर कुणी हात लावला नव्हता. ती आपली, हे शेंबडं पोरही सांगत होतं. यंदा संघाने ठरवलं की तपासायचं तर सगळ्यांनाच तपासायचं, आणि पिवळा डबा तिच्या टेबलावर आला.

बाबांनी भिंग खिशात टाकलं आणि फळीवरचा पिवळा डबा न बघताच पिशवीत घातला. एकतीस वर्षं त्यांनी त्या कॉफीच्या बिया भाजल्या होत्या. आपल्याच पोराचं प्रगतिपुस्तक कोण उलटून बघतं?

घरी येऊन त्यांनी पाणी उकळायला ठेवलं. ती खुर्चीवर बसली, उठली, खिडकी उघडली, परत बसली.

"काय पायाला भिंगरी लागलीये सकाळपासून? कामाला जायचं नाही का?"

"बारा वाजता यादी छापायला जाते, बाबा."

"मग?"

"पिवळा डबाही आहे त्यात."

बाबांनी डब्याचं झाकण चमच्याने उचकटलं. मोजून दोन चमचे कॉफी भांड्यात टाकली, आणि तिसरा भरून तसाच हातात धरला.

"किती?"

"दोन."

चमच्यातली थोडी कॉफी ओट्यावर सांडली. त्यांनी ती बोटाने गोळा केली, एकाही कणाला न विसरता.

"कंपनी एकोणीस वर्षांपूर्वीच बाहेर विकली गेलीय," ती म्हणाली. "मधे दोन कंपन्यांची नावं घालून ठेवलीत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि कामगार कमिटीचं संमतिपत्रही आहे. पाच सह्या." तिचा आवाज चढला. "चौथी तुमची आहे. कशावर सही करताय हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

ठाऊक नव्हतं, असं त्यांनी म्हणावं, यासाठी ती तीन दिवस झुरत होती. फसवलं म्हणाले असते तर तिने त्यांच्या वतीने साऱ्या जगाशी भांडण काढलं असतं.

"होतं की," बाबा म्हणाले. "वाचल्याशिवाय मी कधी सही केलीये?"

"आणि लोकांच्या टोपल्यांतले जॅम उपसत फिरता!"

"चोराच्या मनात चांदणं." त्यांनी गॅस बारीक केला. "त्या जॅमला किती दिलेस?"

"चार."

"म्हणजे माझ्यापेक्षा दोन जास्तच."

तिला हसू आलं नाही. तिला रडू येत होतं, आणि रडू आलं याचा राग येत होता. बाबा तिच्यासमोर येऊन बसले.

"नवे मालक भट्टी मोडणारच होते, तायडे. बिया तिकडेच भाजायच्या, डबे तिकडेच भरायचे आणि इथे नुसते विकायला पाठवायचे. आम्ही पाचजण अडून बसलो. कमिटीच्या सहीवाचून व्यवहार पुरा होईना. तीन आठवड्यांनी त्यांनी लिहून दिलं, भट्टी इथेच राहील आणि माणसं इथलीच राहतील. वीस वर्षं. मग आम्ही सह्या केल्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"कुणालाच सांगायचं नाही असं ठरलं. लोकांना कळलं तर डबा खपणार नाही. डबा खपला नाही तर भट्टी कशाला ठेवतील? बेचाळीस माणसं आहेत अजून तिथे." ते जरा थांबले. "वीस वर्षं पुढच्या साली संपतात."

भांड्यातली कॉफी उतू गेली. दोघांनीही तिकडे पाहिलं, आणि कुणीच उठलं नाही.

"यंदा राहू दे म्हटलं तर?" बाबांनी विचारलं, पण तिच्याकडे न बघता. ती काही बोलायच्या आतच त्यांनी हात झटकला. "नको. नको, छाप. मी काहीतरीच बोललो."

तिने गॅस बंद केला आणि ती खिडकीपाशी गेली. तिने दिले होते ते दोन गुण, एक भट्टीचा आणि एक माणसांचा. तिने त्या रकान्यांत ते आकडे भरले तेव्हा तिला फक्त रिकामे राहिलेले आठ दिसत होते. तिने छापखान्याला फोन लावला.

"प्रत्येक आकड्याखाली एक ओळ घालायची आहे. गुण कशाकशाचे मिळाले आणि कशाचे गेले."

"फक्त कॉफीला ना?"

"नाही, सगळ्यांना."

"अहो ताई, सत्तर वस्तू आहेत! आणि बारा वाजता..."

"मी येते. मीच लिहून देते सगळ्या. अर्ध्या तासात पोचते."

तिने फोन ठेवला तेव्हा बाबा सदऱ्याची बटणं लावत होते. वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं.

"आता तुम्ही कुठे निघालात?"

"पाचातले तिघं उरलोय आम्ही. गुपित फुटल्याचं बाकी दोघांना यादीतून कळायला नको. आणि भट्टीवरच्या पोरांनाही आधी तोंडी सांगितलेलं बरं."

त्यांनी चपला घातल्या, दार उघडलं आणि तिथेच घुटमळले.

"ते दोन... बापाकडे बघून दिलेस का गं?"

"हे सगळं मला आत्ता कळलं, बाबा. पद्धतीप्रमाणे जे आलं ते लिहिलं."

"नक्की?"

"तुमच्याकडे बघून दिले असते तर शून्यच दिलं असतं. इतका राग आला होता."

"मग बरं," बाबा म्हणाले, आणि दार उघडंच टाकून भराभर जिना उतरू लागले.