दोन खांबांमधलं गवत

मी एक कोयता बोलतोय. ग्रेनाडा बेटावरच्या एका डोंगराळ गावात, युनिसबाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराआड मी खिळ्याला टांगलेला असतो. वर्षभर माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. डिसेंबर लागला की मात्र एकदम माझी आठवण होते आणि घरात धार लावायची कानस शोधायची धांदल उडते.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. अंगाला तेल फासून, बारा-बारा जणांच्या मोळ्या बांधून आम्हाला बोटीत घातलं. गावातल्या दुकानात युनिसबाई आल्या, त्यांनी पाच-सहा जणांना उचलून हवेत फिरवून पाहिलं, पात्यावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि मला पसंत केलं. इतक्यांतून आपली निवड झाली, हे मी अजून विसरलेलो नाही.

त्या काळी युनिसबाईंची जायफळाची बाग होती. मला क्षणाची उसंत नसे. झाडांखालचं रान साफ कर, केळीचे घड उतरव, कोकोची फळं फोड, येता येता शहाळं सोल. रात्री त्या माझी धार पुसून मला जागेवर ठेवत. काम होतं म्हणून मान होता.

मग एका सप्टेंबरात चक्रीवादळ आलं आणि एका दिवसात बाग आडवी झाली. जायफळाचं झाड नव्यानं लावलं, तर फळ धरायला सात-आठ वर्षं जातात. युनिसबाईंनी थोडी झाडं लावली, पण तोवर त्यांचे गुडघे गेले. मला गंज चढू लागला. त्यांची एकुलती एक मुलगी केरलिन वादळाच्या वेळी पाळण्यात होती.

केरलिन शिकली, चांगल्या गुणांनी पास झाली आणि घरी बसली. गावातली बहुतेक पोरं तशीच बसलेली होती. सकाळी दुकानासमोरच्या कठड्यावर, दुपारी त्याच कठड्याच्या सावलीच्या बाजूला. मग तरुणांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारनं काढलेल्या एका योजनेत तिचं नाव लागलं. शेतकी केंद्रावर एक वर्ष शिकाऊ म्हणून. रोज इस्त्रीचा शर्ट घालून ती बसनं जायची आणि संध्याकाळी आईला माती, मुळं, कलमं असलं काहीबाही सांगत बसायची. वर्ष संपलं, तिला प्रमाणपत्र मिळालं आणि तिच्या जागी दुसरी शिकाऊ मुलगी आली. पक्की जागा तिथे कधी नव्हतीच. केरलिननं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं.

त्या डिसेंबरात तिनं मला पहिल्यांदा हातात घेतलं.

आमच्याकडे नाताळाआधी दोन आठवडे रस्त्याकडेचं गवत कापायचं सरकारी काम निघतं. ऑगस्टमध्ये, कार्निव्हलच्या आधी, आणखी एक छोटी खेप असते. मुकादम लॉरिस्टन यादी करतो आणि विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतचा तुकडा एकेकाला वाटून देतो. डाव्या हातात गवत ओढून धरायला पेरूच्या फांदीची आकडी, उजव्या हातात कोयता. या कामाची मी चेष्टा करणार नाही. त्यातूनच घरोघरी हॅम येतं, नवे पडदे लागतात, लाल अंबाडीचं सरबत होतं. त्या दोन आठवड्यांत दुकानासमोरचा कठडा रिकामा असतो.

त्याच दिवसांत शहरातून एक बाई रोजगाराच्या सरकारी पाहणीसाठी वही घेऊन आली. गेल्या आठवड्यात एक तास तरी पैशासाठी काम केलं का, असं ती प्रत्येकाला विचारत होती. सगळ्यांनी हो म्हटलं, तसं तिनं लिहून घेतलं आणि ती खुशीत परत गेली. जानेवारीत कठडा पुन्हा भरला, तेव्हा मात्र ती आली नाही.

लॉरिस्टन माणूस वाईट नाही. पहिल्याच दिवशी तो केरलिनला म्हणाला की काम नजरेत भरलं, तर वरचे साहेब एखाद्याला रस्त्याच्या देखभालीसाठी बारा महिन्यांच्या कामावर घेतात. पूर्वी एकाला घेतलं होतं म्हणे. त्यानं सहज सांगितलं, पण पोरीनं ते मनावर घेतलं. तिला दोन आठवड्यांचं काम नको होतं, बारा महिन्यांचं हवं होतं.

बाकीचे सकाळी नवापर्यंत आपला रोजचा वाटा उरकून घरी जात. वरवर कापलं की झालं. केरलिन दुपारपर्यंत थांबायची. तिनं गवत कापलं आणि मग माझं टोक मातीत घालून त्याचे ठोंब मुळासकट उपटायला सुरुवात केली. दगडांवर आपटून माझी धार पार बोथट झाली. खरं सांगतो, मला तिचा राग आला. मी कापण्यासाठी जन्मलो, उकरण्यासाठी नाही. पोरं येता-जाता टोमणे मारत होती, गवताच्या मुळाशी सोनं पुरलंय का विचारत होती. तिनं लक्ष दिलं नाही. उघड्या मातीत तिनं रताळ्याचे वेल लावले. वेल पसरला की जमीन झाकली जाते आणि गवताला डोकं वर काढायला जागा राहत नाही, हे ती केंद्रावर शिकली होती.

पुढचा तुकडा टँटी ओराचा होता. टँटी ओरा म्हणजे शेजारची म्हातारी, नात्याची नसली तरी सख्ख्या मावशीसारखी. त्या वर्षी तिची कंबर धरली होती, म्हणून केरलिननं आपलं झाल्यावर तिचाही तुकडा तसाच उकरून दिला आणि वेल लावले. टँटीनं तिचे दोन्ही हात धरून देव तुझं भलं करो म्हटलं आणि नाताळला केक पाठवला.

उन्हाळ्यापर्यंत ते दोन तुकडे हिरवेगार झाले. जांभळी फुलंसुद्धा आली. मला दाराआडून दिसत नव्हतं, पण युनिसबाई काठी टेकत रोज बघून यायच्या आणि मुलीचं कौतुक करायच्या. माझा राग केव्हाच गेला होता. आयुष्यात इतकं कापलं, पण कापलेलं पुन्हा वाढलं नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

ऑगस्टमध्ये साहेब पाहणीला आले. त्यांनी गाडी थांबवली, खूश झाले, केरलिनचा वेलांसमोर उभं करून फोटो काढला. मग नाताळच्या यादीचा कागद काढून त्यांनी त्या दोन तुकड्यांवर रेघ मारली. इथे आता कापण्यासारखं काही उरलं नाही म्हणाले. तुकडा गेला तसं तुकड्यापुढचं नावही गेलं. देखभालीच्या कामाचं केरलिननं स्वतः विचारलं, तेव्हा ते म्हणाले की त्यासाठी तरतूद नाही, पण तुझ्यासारखी मुलं हवीत. एवढं बोलून ते गाडीत बसले.

संध्याकाळी टँटी ओरा आली. खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही.

"पोरी, तू माझा नाताळ खाल्लास," ती म्हणाली.

टँटी पुढे बोलत राहिली. तू तरुण आहेस, शिकलेली आहेस, उद्या कुठेही जाशील. मला या वयात गवताशिवाय कोण काम देणार?

मागोमाग लॉरिस्टन येऊन हळूच सांगून गेला की यादी नोव्हेंबरमध्ये पक्की होते. तोवर तिथे गवत दिसलं, तर तो दोन्ही नावं परत घालू शकतो. पावसाचे दिवस आहेत, गवत काय, मागे लागून वाढतं. युनिसबाई मुलीला म्हणाल्या, "दोन्ही तुकड्यांवरचे वेल उपट. शहाणपण पुढच्या वर्षी कर."

दुसऱ्या दिवशी केरलिननं मला नेलं. टँटीच्या तुकड्यावर वाकून ती वेल तोडू लागली. मी लाजलो, पण मला थांबता येत नाही. हात जिकडे नेईल तिकडे मी जातो. मातीखाली मुठीएवढी रताळी लागली. पोतंभर निघाली. ती तिनं टँटीच्या पायरीवर नेऊन ठेवली. टँटीनं रताळी आत घेतली आणि गवत येईल ना नक्की, एवढंच विचारलं.

मग केरलिन स्वतःच्या तुकड्याशी येऊन उभी राहिली. मला तिनं वर उचललं. तिच्या तळव्याचा घाम माझ्या मुठीत उतरत होता. शेवटी तिनं मला काखेत मारलं आणि घरी आली. आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "तेवढं माझ्याच्यानं होणार नाही, मम्मी." युनिसबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

आज पुन्हा डिसेंबर आहे. टँटीच्या तुकड्यावर छातीएवढं गवत उभं आहे आणि तिचं नाव यादीत आहे. केरलिनचा तुकडा स्वच्छ आहे आणि ती घरी आहे. शिकाऊ म्हणून पुन्हा अर्ज करायला गेली, तर एकदा लाभ घेतलेल्यांना घेत नाहीत म्हणाले. वहीवाली बाई काल येऊन गेली. गेल्या आठवड्यात काम केलं का म्हणून तिनं विचारलं. केरलिननं नाही म्हटलं. रस्त्याकडेचा सगळ्यात स्वच्छ तुकडा कुणाचा, हा प्रश्न त्या वहीत नाही.

माझं मागणं मोठं नाही. मला नाताळचा पाहुणा करू नका. या पोरीच्या हातात मला बारा महिने द्या. टोक झिजून मी बोटाएवढा उरलो तरी चालेल.

टँटीच्या कोयत्याची मूठ तुटली आहे, म्हणून आज सकाळी ती मला मागायला आली. केरलिननं पायरीवर बसून कानशीनं मला धार लावली, बोट फिरवून पाहिली आणि मला टँटीच्या हातात दिलं. टँटी फाटकापर्यंत गेली, तेव्हा केरलिननं मागून हाक मारली.

"टँटी, मुळापासून कापू नकोस."